रकाने, ओळी आणि फाइली

माहिती ठरलेल्या रकान्यांत आणि ठरलेल्या क्रमाने नोंदवली की तिला संरचित माहिती म्हणतात. संगणक येण्याच्या फार आधीपासून महसूल दप्तर हे काम करत आले आहे. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख पत्रक, गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंदवही. दोन्ही मिळून सातबारा. एकाच खातेदाराच्या एका गावातल्या सगळ्या जमिनी आठ-अ मध्ये एकत्र दिसतात. गेवराई तालुक्यातल्या सातबाऱ्यावर जो मजकूर ज्या रकान्यात असतो, तोच मजकूर आष्टी तालुक्यातल्या सातबाऱ्यावरही त्याच रकान्यात असतो. म्हणून गाव अनोळखी असले तरी जाणकाराला उतारा वाचता येतो.

संगणकाच्या फाइलीलाही असाच नमुना लागतो. मात्र एक फरक आहे. माणूस रकान्यातला मजकूर पाहून हे क्षेत्र, हा गट क्रमांक, हे नाव असे ओळखतो. प्रोग्रामला ते आपोआप कळत नाही. फाइलीत फक्त चिन्हांची रांग असते. त्या चिन्हांचा अर्थ लिहिणारा आणि वाचणारा यांच्यात आधी ठरलेला असावा लागतो. फाइल वाचताना होणाऱ्या बहुतेक चुका हा ठराव न पाळल्यामुळे किंवा तो न तपासल्यामुळे होतात. या प्रकरणात पायथन ही भाषा आणि बीड जिल्ह्याची माहिती घेऊन वाचनलेखनाचे टप्पे क्रमाने पाहू.

फाइलींची प्रचलित रूपे

सर्वांत साधे रूप म्हणजे सीएसव्ही, अर्थात स्वल्पविरामांनी विभागलेली मूल्ये. एका ओळीत एक नोंद, दोन रकान्यांमध्ये स्वल्पविराम आणि बहुधा पहिल्या ओळीत रकान्यांची नावे. २०११ च्या जनगणनेतील तीन जिल्ह्यांची माहिती या रूपात अशी दिसते:

कोड,जिल्हा,पुरुष,स्त्रिया
५२३,बीड,१३४९१०६,१२३५९४३
५२४,लातूर,१२७३१४०,११८१०५६
५२५,उस्मानाबाद,८६१५३५,७९६०४१

(प्रत्यक्ष फाइलीत अंक बहुधा आंतरराष्ट्रीय वळणाचे असतात, इथे ते देवनागरीत छापले आहेत.)

सीएसव्ही अनेक दशके वापरात होती, तरी तिचे नियम सर्वांना सापडतील अशा एका दस्तऐवजात २००५ मध्ये मांडले गेले. तो दस्तऐवज आरएफसी ४१८० या क्रमांकाने ओळखला जातो. त्यातला महत्त्वाचा नियम असा: मूल्यातच स्वल्पविराम असेल, तर ते मूल्य दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवावे. आपल्याकडे हा नियम पदोपदी लागतो. बीड जिल्ह्याची २०११ ची लोकसंख्या आपण २५,८५,०४९ अशी लिहितो. अवतरणचिन्हांशिवाय ती सीएसव्हीत गेली, तर एका आकड्याचे २५, ८५ आणि ०४९ असे तीन रकाने होतात आणि त्यापुढचा प्रत्येक रकाना दोन घरे सरकतो.

माहिती थरांची असेल तर सीएसव्ही अपुरी पडते. जिल्ह्यात तालुके, तालुक्यात महसूल मंडळे, मंडळात गावे अशी उतरंड एका सपाट तक्त्यात बसवायची, तर जिल्ह्याचे आणि तालुक्याचे नाव प्रत्येक ओळीत पुन्हा लिहावे लागते. जेसन हे रूप अशा माहितीसाठी सोयीचे. डग्लस क्रॉकफर्ड यांनी एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते प्रचारात आणले. त्यात महिरपी कंसात नाव-मूल्याच्या जोड्या आणि चौकटी कंसात याद्या असतात. बीड जिल्ह्याच्या नोंदीत ‘तालुके’ नावाची यादी ठेवून तिच्यात बीड, गेवराई, माजलगाव, अंबाजोगाई, केज, परळी, धारूर, वडवणी, पाटोदा, आष्टी आणि शिरूर कासार या अकरा तालुक्यांच्या स्वतंत्र नोंदी देता येतात आणि प्रत्येकीच्या आत आणखी याद्या मावतात. १९९८ मध्ये मान्यता मिळालेले एक्सएमएल हे रूप हेच काम उघडत्या आणि मिटत्या खुणांनी करते. ते लांबलचक होते, पण दस्तऐवजांसाठी आजही वापरात आहे.

एक्सेलची फाइल या तिन्हींपेक्षा वेगळी. ती साध्या मजकुराची फाइल नसते, त्यामुळे वाचायला स्वतंत्र साधन लागते. तिला ओळींची मर्यादाही असते: जुन्या एक्सएलएस रूपात ६५,५३६ आणि २००७ नंतरच्या एक्सएलएसएक्स रूपात १०,४८,५७६. ही मर्यादा केवळ कागदोपत्री नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेत कोविडच्या १५,८४१ बाधितांच्या नोंदी वेळेवर पुढे गेल्या नाहीत. जुन्या रूपाच्या फाइलीत जागा संपली आणि उरलेल्या ओळी गळाल्या, हे त्याचे कारण होते.

फाइल उघडणे आणि संकेतपद्धती

पायथनमध्ये फाइल उघडण्यासाठी ‘ओपन’ ही आज्ञा आहे. तिला तीन गोष्टी सांगाव्यात: फाइलीचे नाव, ती वाचायची की लिहायची, आणि संकेतपद्धती. मराठी फाइलींत सर्वाधिक घोळ तिसऱ्या गोष्टीत होतो.

संगणक अक्षरे साठवत नाही, आकडे साठवतो. कोणत्या आकड्याचे कोणते अक्षर, हे संकेतपद्धती ठरवते. युनिकोडमध्ये देवनागरीसाठी १२८ जागांचा एक विभाग राखलेला आहे आणि यूटीएफ-८ या पद्धतीत त्यातल्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘बीड’ या शब्दात ब, दीर्घ ईची वेलांटी आणि ड अशी तीन चिन्हे, म्हणजे नऊ बाइट. हेच नऊ बाइट पाश्चात्त्य संकेतपद्धतीचे आहेत असे समजून वाचले, तर पडद्यावर नऊ विचित्र रोमन चिन्हे उमटतात. अशा वेळी फाइल बिघडलेली नसते, ती चुकीच्या पद्धतीने वाचलेली असते. विंडोजवर पायथनच्या अनेक आवृत्त्या, संकेतपद्धती सांगितली नाही, तर संगणकाच्या स्थानिक पद्धतीवर विसंबतात. म्हणून यूटीएफ-८ असे दर वेळी स्पष्ट लिहावे.

एक्सेलची अडचण थोडी निराळी. साधी यूटीएफ-८ सीएसव्ही दोनदा टिचकी मारून उघडली, की तिच्यातले मराठी अनेकदा विस्कटते. फाइलीच्या आरंभी तीन बाइटांची ओळखखूण असली, तर एक्सेलला पद्धत कळते. पायथनमध्ये ही खूण टाकायला आणि वाचताना वगळायला ‘यूटीएफ-८-सिग’ हा पर्याय आहे. तो न वापरता खूण असलेली फाइल वाचली, तर ती खूण पहिल्या रकान्याच्या नावाला चिकटते. मग ‘कोड’ हा रकाना डोळ्यांसमोर दिसत असूनही प्रोग्रामला सापडत नाही.

जुन्या मराठी फाइलींचा प्रश्न याहून अवघड आहे. युनिकोड रुळण्यापूर्वीच्या अनेक फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकृत्या बसवलेल्या असत. अशा फाइलीत साठवलेला मजकूर रोमनच असतो. फॉन्ट काढला की अर्थहीन अक्षरे उरतात. इथे संकेतपद्धती बदलून उपयोग नाही. त्या विशिष्ट फॉन्टसाठी बनवलेला परिवर्तकच वापरावा लागतो.

युनिकोडमध्येही एकच दिसणारा शब्द दोन प्रकारे साठवला जाऊ शकतो. ‘शेतकऱ्याचे नाव’ या मथळ्यातील अर्धा र कोणी स्वतंत्र ऱ वापरून टंकतो, कोणी साध्या र नंतर अदृश्य जोडचिन्ह घालून. ‘ॲ’ हे अक्षर एकसंध असते किंवा अ वर चंद्र देऊन केलेले असते. छापील पानावर फरक दिसत नाही, पण प्रोग्रामच्या लेखी ते वेगळे शब्द आहेत. युनिकोडचे प्रमाणीकरणही या दोन जोड्या एकरूप करत नाही. त्यासाठी आपल्यालाच बदलाची यादी द्यावी लागते.

ओळी वाचणे आणि आकडे ओळखणे

सीएसव्हीची ओळ स्वल्पविरामावर तोडली की काम झाले असे नवशिक्याला वाटते. अवतरणचिन्हांतले स्वल्पविराम आणि मूल्याच्या आतले ओळबदल पाहता तसे करणे धोक्याचे आहे. पायथनबरोबर येणारा सीएसव्ही विभाग हे नियम सांभाळतो. त्यातला ‘डिक्टरीडर’ प्रत्येक ओळ रकान्यांच्या नावांसह देतो, त्यामुळे तिसरा रकाना कोणता हे मोजत बसावे लागत नाही.

या विभागाकडून येणारे प्रत्येक मूल्य मात्र मजकूर असते. पायथन ३ मध्ये चलांना देवनागरी नावे देता येतात, तेव्हा पुढची ओळ वैध आहे:

एकूण = पुरुष + स्त्रिया

बीडची मूल्ये मजकूर म्हणूनच राहिली, तर ही ओळ बेरीज करत नाही, दोन्ही मजकूर एकमेकांना जोडते. उत्तर १३४९१०६१२३५९४३ असे येते, म्हणजे सुमारे साडेतेरा लाख कोटी माणसे. प्रोग्राम थांबत नाही, चुकीची सूचना देत नाही. दोन्ही मूल्ये आधी ‘इंट’ या आज्ञेने पूर्णांकात बदलली, की २५,८५,०४९ हे खरे उत्तर मिळते. स्त्रियांचा आकडा पुरुषांच्या आकड्याने भागून हजाराने गुणला, की दर हजार पुरुषांमागे ९१६ स्त्रिया हे बीडचे लिंगगुणोत्तर येते. लातूरचे ९२८ आणि तेव्हाच्या उस्मानाबादचे ९२४. प्रकाशित आकड्यांशी जुळणारे असे उत्तर मिळाले, की फाइल नीट वाचली गेल्याचा तो पुरावा ठरतो.

‘इंट’ ही आज्ञा देवनागरी अंकही स्वीकारते, हे अनेकांना ठाऊक नसते. मात्र स्वल्पविराम असलेला २५,८५,०४९ हा मजकूर ती नाकारते. स्वल्पविराम आधी काढावे लागतात. जेसनच्या नियमांत तर संख्येसाठी आंतरराष्ट्रीय अंकच चालतात.

दिसायला आकडा असलेली प्रत्येक गोष्ट संख्या नसते. बीड शहराचा दूरध्वनी संकेतांक ०२४४२ आहे. संख्या मानून वाचला की आरंभीचे शून्य जाते. बँक खात्याच्या क्रमांकाचेही तेच. शिवाय एक्सेल संख्येचे पंधराच सार्थ अंक राखते, त्यामुळे सोळा अंकी खाते क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होऊन बसतो. ज्याची बेरीज-वजाबाकी करण्याला अर्थ नाही, तो मजकूर म्हणूनच वाचावा, हा साधा निकष.

गट क्रमांकांवर याहून विचित्र प्रसंग येतो. एक्सेलच्या घरात ७/१२ टंकले की ते त्याची तारीख करते: भारतीय मांडणीत ७ डिसेंबर, अमेरिकी मांडणीत १२ जुलै. १२/३ या पोटहिश्श्याचेही तेच होते. एकदा तारीख झाली, की मूळ मजकूर परत मिळत नाही, कारण आत तारखेचा अनुक्रमांक साठवलेला असतो. या सवयीने जगभरच्या जीवशास्त्रज्ञांनाही छळले. मार्च आणि सप्टेंबर या महिन्यांसारखी लघुनावे असलेल्या जनुकांच्या तारखा होऊ लागल्या, तेव्हा २०२० मध्ये नामकरण समितीने त्या जनुकांची नावेच बदलली. असे रकाने एक्सेलमध्ये आयात करताना ‘मजकूर’ प्रकारचे ठरवून घ्यावेत.

रिकामा रकाना आणि शून्य

नोंद नाही आणि शून्य आहे, या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पर्जन्यमापकावर शून्य मिलिमीटर नोंदले म्हणजे पाऊस पडला नाही. रकाना रिकामा असेल तर नोंदच झालेली नाही.

पीक विम्याच्या हिशेबात हा फरक थेट रुपयांत दिसतो. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत महसूल मंडळासारख्या विमा क्षेत्राचे सरासरी उत्पादन पीक कापणी प्रयोगांतून ठरते. ते उंबरठा उत्पादनापेक्षा जितके कमी, त्या प्रमाणात भरपाई मिळते: उंबरठा उत्पादनातून प्रत्यक्ष उत्पादन वजा करायचे, बाकीला उंबरठा उत्पादनाने भागायचे आणि विमा संरक्षित रकमेने गुणायचे. समजा, एका मंडळात दहा प्रयोग झाले. नऊंची सरासरी हेक्टरी १,००० किलो आली आणि दहाव्याची नोंद रिकामी राहिली. रिकाम्या जागी शून्य धरले तर सरासरी ९०० होते. उंबरठा उत्पादन १,००० असेल, तर १० टक्के तूट केवळ वाचनाच्या चुकीतून निर्माण झाली. उलट एखाद्या शेतातले पीक खरोखरच पूर्ण गेले असेल आणि ते शून्य ‘नोंद नाही’ म्हणून वगळले, तर शेतकऱ्यांचे नुकसान झाकले जाते. म्हणून रिकाम्या मूल्यासाठी पायथनमधले ‘नन’ वापरावे, आणि गणितातून किती नोंदी वगळल्या ते उत्तरासोबत सांगावे.

नावांपेक्षा कोड बरा

दोन फाइली एकमेकींशी जोडायच्या असतील, तर दोघींत समान असा रकाना लागतो. नाव हा त्यासाठी सर्वांत कच्चा आधार. २०११ च्या जनगणनेच्या इंग्रजी तक्त्यांत बीडचे स्पेलिंग बी-आय-डी असे आहे, तर जिल्हा प्रशासन मध्ये दोन ई घालते. तालुक्यांची गत तीच: माजलगाव त्या तक्त्यांत मांजलेगावच्या जवळ जाणाऱ्या स्पेलिंगने येते. उलट एकच नाव अनेक ठिकाणी आढळते. आष्टी तालुका बीडमध्ये आहे तसा वर्ध्यातही. पुण्यात शिरूर, लातूरमध्ये शिरूर अनंतपाळ आणि बीडमध्ये शिरूर कासार आहे.

नावे बदलतातही. बीडच्या शेजारचे उस्मानाबाद आणि औरंगाबाद २०२३ मध्ये अनुक्रमे धाराशिव आणि छत्रपती संभाजीनगर झाले. २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. नावावर जोडणी करणारा प्रोग्राम त्या दिवशी निकामी झाला. कोडवर जोडणी करणाऱ्याला काही फरक पडला नाही, कारण जनगणनेच्या फाइलीतला ५२५ हा कोड नाव बदलल्याने बदलत नाही.

कोडलाही काळाची मर्यादा असते. लातूर जिल्हा १९८२ मध्ये उस्मानाबादमधून वेगळा झाला, तेव्हा १९८१ च्या जनगणनेतला उस्मानाबाद आणि आजचा धाराशिव यांचे क्षेत्र एक नाही. प्रत्येक फाइलीसोबत माहिती कोणत्या वर्षाची आणि सीमा कधीच्या, हे लिहिणे म्हणूनच आवश्यक ठरते.

नकाशाच्या फाइलींत क्रमाचा सापळा असतो. जिओजेसन या रूपात आधी रेखांश आणि मग अक्षांश लिहायचा असतो. बीड शहर सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आणि पावणेशहात्तर अंश पूर्व रेखांशावर आहे. बोलण्याच्या सवयीने आधी अक्षांश लिहिला, तर बीड नॉर्वेच्या उत्तरेला आर्क्टिकच्या थंड समुद्रात जाऊन पडते.

फाइल लिहिणे

लिहिण्यासाठी फाइल उघडताना हेतू नेमका सांगावा लागतो. ‘डब्ल्यू’ या पद्धतीत उघडताक्षणी जुना मजकूर पुसला जातो, एकही ओळ लिहिली नसली तरी. ‘ए’ या पद्धतीत नवी ओळ शेवटी जोडली जाते. ‘एक्स’ या पद्धतीत त्या नावाची फाइल आधीच असेल, तर पायथन काम नाकारतो. चुकून मूळ फाइल पुसली जाऊ नये यासाठी ही तिसरी पद्धत चांगली.

फाइल ‘विथ’ या रचनेत उघडावी. काम संपल्यावर किंवा मध्येच त्रुटी आली तरी फाइल व्यवस्थित बंद होते. सीएसव्ही लिहिताना ‘न्यूलाइन’ या जागी रिकामा मजकूर द्यावा. तसे न केल्यास विंडोजवर दर ओळीनंतर एक कोरी ओळ येते. जेसन लिहिताना पायथन सवयीने मराठी अक्षरांऐवजी त्यांचे युनिकोड क्रमांक लिहितो. प्रोग्रामला ते चालते, माणसाला वाचता येत नाही. ‘एन्शुअर आस्की’ हा पर्याय बंद केला की ‘बीड’ हे ‘बीड’ असेच लिहिले जाते.

लिहिणे चालू असताना वीज गेली, तर अर्धी फाइल उरते. त्यावर उपाय ठरलेला आहे. नवी माहिती आधी शेजारी तात्पुरत्या नावाने पूर्ण लिहावी, ती बंद करावी आणि मगच ‘रिप्लेस’ या आज्ञेने तिला मूळ फाइलीच्या जागी बसवावे. वाचणाऱ्याला जुनी पूर्ण फाइल मिळते किंवा नवी पूर्ण.

एक पूर्ण उदाहरण: बीड पॅटर्न

२०२० च्या खरीप हंगामापासून पीक विम्यात ‘बीड पॅटर्न’ हे नाव गाजले. बीड जिल्ह्यात सुरू झालेल्या या ८०-११० सूत्रात कंपनीचा नफा आणि तोटा दोन्हींवर मर्यादा आहे. भरपाई एकूण विमा हप्त्याच्या ११० टक्क्यांपेक्षा जास्त झाली, तर वरचा भार राज्य सरकार उचलते. भरपाई कमी झाली, तर कंपनी हप्त्याच्या जास्तीत जास्त २० टक्के रक्कम स्वतःकडे ठेवते आणि बाकीची सरकारला परत करते.

या सूत्रासाठी फाइलीत हंगाम, हप्ता आणि भरपाई असे तीनच रकाने पुरतात. प्रोग्रामचे टप्पे असे:

१. फाइल यूटीएफ-८ मध्ये उघडावी आणि तिन्ही रकान्यांची नावे आहेत याची खात्री करावी.
२. रकमांमधले स्वल्पविराम काढून त्या संख्येत बदलाव्यात. रिकामी रक्कम आढळली तर ओळीचा क्रमांक दाखवून थांबावे.
३. भरपाई ११० टक्क्यांच्या वर आहे का, ८० टक्क्यांच्या खाली आहे का, की मधे आहे, हे पाहावे.
४. सरकारने द्यायची किंवा सरकारला परत यायची रक्कम काढून ती नव्या फाइलीत चौथ्या रकान्यात लिहावी.

समजा हप्ता १०० कोटी रुपये आहे. भरपाई १३० कोटी झाली तर सरकारवर २० कोटींचा भार येतो. भरपाई ६० कोटी झाली तर कंपनीकडे २० कोटी राहतात आणि २० कोटी परत येतात. ९० कोटी झाली तर कंपनीकडे १० कोटी राहतात आणि देवाणघेवाण होत नाही. ही तीन उत्तरे हाताने काढून प्रोग्रामच्या उत्तरांशी ताडून पाहावीत. पैशांसाठी दशांश अपूर्णांकाचा नेहमीचा ‘फ्लोट’ प्रकार टाळावा, कारण त्यात शून्य दशांश एक अधिक शून्य दशांश दोन ही बेरीज नेमकी शून्य दशांश तीन येत नाही. ‘डेसिमल’ प्रकार वापरावा किंवा रक्कम पैशांत पूर्णांक म्हणून ठेवावी.

तपासणी आणि जतन

वाचून झाल्यावर चार गोष्टी पाहाव्यात: ओळींची संख्या अपेक्षेइतकी आहे का, कोड दोनदा आलेला नाही ना, बेरजा प्रकाशित बेरजांशी जुळतात का, आणि रिकामे रकाने किती. बीड जिल्ह्याच्या यादीत अकराऐवजी दहा तालुके आले, तर पुढचे विश्लेषण सुरू करण्यात अर्थ नाही. फाइलीत व्यक्तींची नावे, खाते क्रमांक किंवा आधार क्रमांक असतील, तर गणिताला आवश्यक तेवढेच रकाने नव्या फाइलीत न्यावेत. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ चा स्वतंत्र केंद्रीय कायदा आहे.

मिळालेली मूळ फाइल जशी आली तशी जपून ठेवावी आणि तिच्यात हाताने एकही दुरुस्ती करू नये. दुरुस्त्या प्रोग्राममध्ये लिहाव्यात आणि निकाल वेगळ्या फाइलीत घ्यावा. मग आकड्याबद्दल कोणी शंका काढली, तर मूळ फाइल आणि प्रोग्राम पुढे ठेवून तो आकडा पुन्हा काढून दाखवता येतो.